किल्ली खरी, पण परवानगी कसली?

वेबसाइट उघडताना तुमचा फोन एक दाखला तपासतो. ‘ही साइट खरंच गूगलची आहे’ असं कुणीतरी तिसरी संस्था त्यावर सही करून सांगते. अशा कितीतरी संस्थांची यादी फोनमध्ये आधीपासूनच असते. आपण ती कधी पाहिलेलीही नसते.

१९९६ साली एटी अँड टीमधल्या मॅट ब्लेझ, जोन फायगेनबॉम आणि जॅक लेसी यांनी याच्या मुळावरच बोट ठेवलं. किल्ली कुणाची हे कळलं तरी काम अर्धंच होतं. त्या किल्लीला नेमकं काय करायची मुभा आहे, हा खरा प्रश्न. मग ती मर्यादा दाखल्यातच का लिहू नये? अमुक किल्लीची सही अमुक रकमेच्या खरेदीपर्यंतच चालेल, असं. या विचाराला त्यांनी ‘ट्रस्ट मॅनेजमेंट’ म्हटलं. त्यातून पॉलिसीमेकर ही प्रणाली आली, १९९९ मध्ये कीनोट. वेबनं मात्र ही वाट धरली नाही. माझ्या मते कारण साधं होतं: नाव तपासणं सोपं, नियम लिहीत बसणं कटकटीचं.

या आळसाची किंमत इराणी लोकांनी मोजली. डिजिनोटार या डच कंपनीत हॅकर घुसले आणि जुलै २०११ मध्ये त्यांनी पाचशेहून जास्त खोटे दाखले बनवले. त्यातला एक गूगलच्या नावाचा. कंपनीला घुसखोरी कळली होती, पण ती गप्प बसली. ऑगस्टअखेर इराणमधल्या एका माणसाच्या क्रोमनं इशारा दिला, तेव्हा बिंग फुटलं. चौकशीत सुमारे ३ लाख आयपी पत्ते सापडले, जवळजवळ सगळे इराणचे. सरकारविरुद्ध बोलणाऱ्यासाठी जीमेल उघडा पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. पण गूगलसाठी सही करायची मुभा या डच कंपनीला होतीच कशी? उत्तर असं, की यादीतल्या प्रत्येकाला ती होती.

२०१४ मध्ये हेच आपल्याकडे घडलं. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरकडून गूगल आणि याहूच्या नावांचे अनधिकृत दाखले निघाले. चारच निघाले, असं गूगलला कळवण्यात आलं. गूगलनं त्यापलीकडचेही पाहिले होते. मग क्रोमनं भारत सरकारच्या मूळ दाखल्याला कुंपण घातलं: त्याची सही सरकारी, शैक्षणिक आणि मोजक्या इतर डोमेनपुरतीच चालेल. ब्लेझ आणि मंडळींनी अठरा वर्षांपूर्वी सुचवलेली मर्यादा ही अशी आली, एका देशापुरती आणि चोरी झाल्यावर. अँड्रॉइडवाले मात्र त्या वेळी वाचले. त्यांच्या फोनमधल्या यादीत हा भारतीय दाखला नव्हताच.