दोन यमुना

शाळेत नेमलेली कादंबरी ही विद्यार्थ्याच्या लेखी कादंबरी नसतेच. ती असते प्रश्नांची खाण. नायिकेचे स्वभावचित्र दहा ओळींत, संदर्भासह स्पष्टीकरण पाच ओळींत. आणि परीक्षा संपली की पुस्तक माळ्यावर! मीही विद्यार्थीच. परंतु मराठीच्या अभ्यासासाठी दोन जुन्या कादंबऱ्या मला पाठोपाठ वाचाव्या लागल्या, त्याही इतिहासाचे पुस्तक शेजारी ठेवून. तेव्हा जे ध्यानात आले, ते स्वभावचित्राच्या दहा ओळींत मावणारे नव्हते.

पहिली कादंबरी बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन', १८५७ सालची. दुसरी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो'. ती १८९० पासून 'करमणूक' पत्रात क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. दोहोंच्या नायिकेचे नाव यमुना. दोघींनाही वैधव्य येते. नावाचा हा योगायोग की हेतू, या वादात हंशील नाही. मला महत्त्वाचे वाटते ते मधल्या तेहतीस वर्षांचे अंतर.

इतिहासाच्या पुस्तकात एक वाक्य असते : १८५६ मध्ये विधवाविवाहाचा कायदा झाला. एवढे पाठ केले की गुण मिळतात. पदमनजींची यमुना या कायद्याच्या दुसऱ्याच वर्षी जन्मली. पतीसह प्रवास करताना ती ठिकठिकाणच्या विधवांची दुःखे पाहते, पुढे स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा संसार मांडते. लेखकाला धर्मप्रचार करायचा होता, हे लपत नाही. तिला सुखाचे दार सापडते खरे, पण ते घराबाहेरचे दार आहे.

आपट्यांच्या यमूला असे दार नाहीच. ती आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. म्हणूनच वाचताना स्वयंपाकघरातली कुजबुज कानी पडल्यासारखे होते. तिचा नवरा रघुनाथ सुधारक वृत्तीचा, तिला जपणारा. मुंबईचे त्यांचे दिवस आनंदात जातात. पण तो मरतो, आणि सासरची माणसे बळजबरीने तिचे केशवपन करतात. कायदा होऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. त्या घरात तो कोणाला आठवतही नाही. चांगला नवरा मिळणे हे यमूचे सुदैव. परंतु सुदैव म्हणजे हक्क नव्हे. ते माणसाबरोबर येते आणि माणसाबरोबर जाते.

ही नुसती कल्पना नव्हती, याची साक्ष त्या काळाच्या घटनाच देतात. १८९० मध्येच नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. जे घरच्या वडीलधाऱ्यांना सुचले नाही, ते वस्तरा चालवणाऱ्या हातांना सुचले! १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. दहाची मर्यादा बारावर नेण्यासाठी केवढे वादळ उठले! १८९३ मध्ये, कादंबरी ग्रंथरूपाने निघाली त्याच वर्षी, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुण्यात विवाह केला, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. कायद्याने सदतीस वर्षांपूर्वीच मोकळी केलेली वाट चालायला तेव्हाही एवढी किंमत मोजावी लागत होती. शिवाय त्या कायद्यानेच पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला होता, ही गोष्ट पाठ करायच्या वाक्यात सहसा नसते.

म्हणून मला वाटते, इतिहास आणि कादंबरी या दोन तासांमधली भिंत थोडी ठेंगणी करावी. कायदा कधी झाला हे इतिहास सांगतो. तो उंबरठ्याच्या आत आला की नाही हे कादंबरी सांगते. अर्थात कादंबरीकाराचाही पक्ष असतो, आणि तो ओळखूनच त्याची साक्ष ऐकावी. पदमनजींनी उपाय दाखवला, आपट्यांनी दुखणे दाखवले; पण दुसऱ्या यमुनेचे दुःख आपल्याच घरातले असल्याने त्याकडे पाठ फिरवता येत नाही.

'पण लक्षात कोण घेतो' या नावाला प्रश्नचिन्ह द्यावे की न द्यावे, एवढाच प्रश्न परीक्षेपुरता उरतो. कादंबरीने मात्र तो प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारला आहे. त्याचे उत्तर विद्यार्थ्याने एकट्याने लिहून भागणार नाही.