बॉनेट उघडून पाहता येणारी गाडी

इंग्लंडमधील ॲबिंग्डन या गावी १९५५ साली 'एमजीए' नावाची दोन माणसांची, उघडी स्पोर्ट्स मोटार तयार होऊ लागली. तिच्या बॉनेटखाली चार सिलिंडरांचे १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन होते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले हे इंजिन. पुढे काही वर्षांतच याच मालिकेतले, याच मापाचे इंजिन कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनणाऱ्या ॲम्बॅसडरमध्ये बसू लागले. म्हणजे ज्या गाडीत आपण आठ-नऊ जण दाटीवाटीने बसून लग्नाला गेलो, तिचे आणि त्या देखण्या एमजीएचे इंजिन एकाच घराण्यातले!

एमजीएला दोन कार्बुरेटर होते आणि तिच्या इंजिनाचे संपीडन गुणोत्तर जास्त होते. त्यामुळे तिला सुमारे ७० अश्वशक्ती मिळत. ॲम्बॅसडर पन्नास-पंचावन्नवर थांबे. हा फरक खरा. पण एकीने टॅक्सी व्हावे आणि दुसरीला साठ-सत्तर वर्षांनंतरही लोकांनी लेकरासारखे जपावे, एवढा काही तो मोठा नाही. मग या छोट्या ब्रिटिश गाड्यांत असे काय आहे? त्या गळतात, गंजतात, पावसात बसणाऱ्याला भिजवतात. तरीही इंग्लंड-अमेरिकेत असंख्य माणसे सुट्टीचा दिवस त्यांच्याखाली उताणे पडून घालवतात. याचे उत्तर शोधायला थोडे मागे जायला हवे.

'एमजी' ही अक्षरे 'मॉरिस गॅरेजेस'ची. विल्यम मॉरिस यांचे ऑक्सफर्डमधले हे विक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान. १९२२ पासून त्याचे व्यवस्थापक होते सेसिल किंबर. मॉरिसच्या साध्या गाड्यांवर वेगळी, सुबक बॉडी चढवून विकायची, हा किंबर यांचा उद्योग. १९२८ साली त्यांनी 'मॉरिस मायनर' या १२५ पौंडांच्या अगदी स्वस्त गाडीचा सांगाडा घेतला, ८४७ घन सेंटिमीटरचे तिचेच इंजिन ठेवले, वर लाकडी चौकटीवर कापड ताणून केलेली हलकी, मागे निमुळती होत जाणारी बॉडी बसवली आणि 'मिजेट' या नावाने ती १७५ पौंडांना विकायला काढली. अश्वशक्ती अवघी वीस! तोवर स्पोर्ट्स मोटार म्हणजे श्रीमंतांचे प्रकरण होते. आता बऱ्यापैकी पगाराचा कारकूनही तिचा विचार करू लागला.

या गाड्यांच्या साऱ्या कहाणीचे बीज इथेच आहे. खास शर्यतीसाठी घडवलेले महागडे भाग त्यांत नव्हते. घरगुती गाड्यांचे, बाजारात कुठेही मिळणारे भाग निराळ्या रीतीने जुळवलेले होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची तिजोरी रिकामी होती. जो कारखाना माल परदेशी पाठवील त्याला पोलाद, असे सरकारी धोरण होते. १९४५ मध्ये आलेली 'एमजी टीसी' ही या काळाची गाडी. उंच तारांची चाके, लाकडी चौकट, आणि स्टिअरिंग फक्त उजवीकडे. तरीही ती उलट्या बाजूने गाडी चालवणाऱ्या अमेरिकेत जाऊन लोकप्रिय झाली. पुढच्या एमजीएने तर कमाल केली. एक लाखाहून थोड्या अधिक एमजीए बनल्या, त्यांतल्या स्वदेशात विकल्या गेल्या जेमतेम सहा हजार. हा आकडा ध्यानात ठेवावा. पुढे तोच नडणार आहे.

या परंपरेतली सर्वांत मजेशीर गाडी आम्हाला वाटते ती १९५८ ची 'ऑस्टिन-हीली स्प्राइट'. डोनाल्ड हीली यांनी ती आखली. इंजिन आणि पुढची स्प्रिंगांची व्यवस्था 'ऑस्टिन ए-३५' या पिटुकल्या घरगुती गाडीची, स्टिअरिंगची दातेरी पट्टी मॉरिस मायनरची. दाराला बाहेरून मुठी नाहीत, डिकीला झाकण नाही. सामान ठेवायचे तर सीट पुढे वाकवून आत हात घालायचा. पुढचे दिवे उघडझाप करणारे असावेत असा बेत होता, पण तो महाग पडू लागला. शेवटी दिवे बॉनेटवर तसेच उभे राहिले आणि गाडीला बेडकाचा चेहरा आला. इंग्रज तिला 'फ्रॉगआय' म्हणतात. काटकसरीतून आलेले हे ध्यान आज तिचे मुख्य आकर्षण आहे.

स्प्राइट किती वेगवान होती? इंजिन ९४८ घन सेंटिमीटरचे, शक्ती ४३ अश्वशक्ती म्हणजे सुमारे ३२ किलोवॉट. गाडीचे वस्तुमान सुमारे ६६० किलो. दोन माणसे धरून ८०० म्हणू. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. या वेगाला गतिज ऊर्जा होते सुमारे २८७ किलोज्यूल. तिला ३२ ने भागले तर उत्तर नऊ सेकंद येते. प्रत्यक्षात ६० मैलांचा वेग गाठायला स्प्राइटला सुमारे वीस सेकंद लागत! उरलेली अकरा सेकंदे कुठे गेली, हे नववी-दहावीच्या वर्गाला विचारून पाहावे. हवेचा रोध, चाकांचे घर्षण, गिअर बदलताना वाया गेलेला वेळ, आणि मुख्य म्हणजे ४३ अश्वशक्ती फक्त मिनिटाला पाच हजारांच्या आसपास फेरे असतानाच मिळतात ही गोष्ट. एरवी पुस्तकातले गणित अचूक सुटते आणि विषय संपतो. इथे ते चुकते आणि चर्चा सुरू होते.

थोडक्यात, गाडी संथ होती. आजची कुठलीही साधी मोटार तिला सहज मागे टाकील. तरी ती चालवणाऱ्याला वेगाचा थरार जाणवतो, आणि त्याचेही कारण भौतिकीत आहे. आपल्याला वेग कळतो तो बराचसा शेजारून मागे सरकणाऱ्या जमिनीमुळे. डोळ्याच्या बरोबर खालचा जमिनीवरचा बिंदू ज्या कोनीय वेगाने मागे जातो तो म्हणजे गाडीचा वेग भागिले डोळ्याची जमिनीपासूनची उंची. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. स्प्राइटमध्ये डोळा जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतो. म्हणजे सेकंदाला २० रेडियन. एसटीच्या चालकाचा डोळा अडीच मीटरवर धरला तर हाच आकडा आठ येतो. एसटीच्या चालकाला स्प्राइटइतकी धावती जमीन दिसायची असेल तर त्याने ताशी १८० किलोमीटरने बस हाकायला हवी! त्यात डोक्यावर छप्पर नाही, कानाशी वारा आणि पायाशी इंजिनाची धग. ज्या वेगात पोलिसांनी अडवू नये, त्या वेगात शर्यतीचा आनंद मिळतो तो असा.

पण केवळ चालवण्यासाठी कोणी एवढे कष्ट काढणार नाही. खरे आकर्षण गाडी उभी असताना कळते.

स्प्राइटचे अख्खे नाक, दिव्यांसकट, वर उचलले जाते. मग इंजिन सर्व बाजूंनी उघडे. पेट्रोल कुठून येते, ठिणगी कुठून येते, धूर कुठून जातो हे बोटाने दाखवता येते. झडपांची फट मोजायला फीलर गेजची पातळ पट्टी, एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. पुढे १९६२ साली आलेल्या 'एमजीबी'साठी ही फट ०.०१५ इंच. एवढे सांभाळले की झडपांची टकटक बंद होते, हे कानांनी कळते. या गाड्यांच्या एसयू कार्बुरेटरमध्ये हवेच्या ओढीने वरखाली होणारा एक दट्ट्या असतो. त्याच्या तळाशी निमुळती सुई. हवा जास्त ओढली गेली की दट्ट्या वर जातो, सुई छिद्रातून वर सरकते आणि त्या प्रमाणात पेट्रोल जास्त येते. दोन कार्बुरेटर असतील तर दोन्हींतून सारखी हवा जायला हवी. त्यासाठी अनेक जण रबरी नळीचे एक टोक कानाला लावतात, दुसरे आळीपाळीने दोन्ही कार्बुरेटरच्या तोंडाशी धरतात आणि सूऽऽ असा आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवतात. डॉक्टरने दोन फुप्फुसे तपासावीत तसेच हे.

कारण आणि परिणाम यांच्यामध्ये इथे काहीही झाकलेले नाही, आणि आमच्या मते मालकीचा आनंद तो हाच. आजच्या गाडीत कारण संगणकात असते आणि मालकाला फक्त दिवा लागलेला दिसतो.

याचा अर्थ जुने ते सारे सोने, असा मात्र नाही. या गाड्या कच्च्या होत्या आणि कशा कच्च्या होत्या तेही शिकण्यासारखे आहे. चपलांचे पुठ्ठ्याचे खोके घ्या. झाकण चिकटपट्टीने पक्के लावून ते पिळून पाहा, पिळवटत नाही. आता झाकण काढून पिळा. खोके लगेच वाकडे होते. उघडी गाडी म्हणजे झाकण काढलेले खोके. छप्पर नसल्याने सारा भार तळावर आणि दारांखालच्या पोकळ पोलादी पेट्यांवर येतो. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. ते खारे पाणी या पेट्यांत शिरते, आत साचते आणि गंज आतून बाहेर खात येतो. बाहेरचा रंग चकचकीत असतो, पण पेटी पोखरलेली असते. मग एके दिवशी दार नीट लागेनासे होते. बिजागरीचा दोष नसतो. गाडी मधोमध खचलेली असते. म्हणून अशी गाडी घेणारा जाणकार इंजिनाआधी दाराची फट पाहतो.

१९६२ च्या 'ट्रायम्फ स्पिटफायर'ची खोड वेगळी. ही 'ट्रायम्फ हेरल्ड'च्या सांगाड्यावर बेतलेली होती. हेरल्ड आपल्याकडे १९६१ पासून मद्रासला 'स्टँडर्ड हेरल्ड' या नावाने बनत असे. वडीलधाऱ्यांना ती आठवत असेल. स्पिटफायरच्या मागच्या आसाचे दोन अर्धे मधोमध सांध्यावर झुलत. वळणावर जोरात असताना चालकाने घाबरून पाय उचलला की गाडीचा मागचा भाग उसळी घेई, चाके आतल्या बाजूला दुमडत आणि रस्त्यावरची पकड सुटे. अशाच झुलत्या आसाच्या एका अमेरिकन गाडीवर राल्फ नेडर यांनी १९६५ साली 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचे पहिले प्रकरण लिहिले होते. स्पिटफायरच्या मागच्या पाट्याची बांधणी बदलून हा दोष बराच आटोक्यात आला, पण त्याला १९७० साल उजाडले.

तोवर अमेरिकेत कायदे झाले होते: १९६६ चा वाहन सुरक्षेचा आणि १९७० चा स्वच्छ हवेचा. आता ते सहा हजार आठवा. ज्या गाड्या जगत होत्याच अमेरिकेच्या जिवावर, त्यांना तिथले नियम पाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. नवे इंजिन घडवायला पैसा नव्हता. मग जुन्याच इंजिनाची मुस्कटदाबी करून धूर कमी केला गेला, आणि शक्ती घटली. १९७४ च्या अखेरीस एमजीबीला काळे, जाड रबरी बंपर आले आणि नियमांतली उंची गाठण्यासाठी सबंध गाडी सुमारे दीड इंच वर उचलली गेली. गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर गाडी जास्त कलू लागली. आजचे कित्येक मालक हे बंपर काढून जुने क्रोमचे बसवतात आणि गाडी पुन्हा खाली आणतात. त्या कायद्यांना नावे ठेवायची त्यांच्यात पद्धत आहे. आम्हाला ते पटत नाही. अपघातात छातीत घुसणारे स्टिअरिंग आणि शहराच्या हवेतले विष हीदेखील कारण-परिणामाचीच साखळी होती. ती बॉनेट उघडून दिसत नव्हती, एवढेच.

१९८० च्या ऑगस्टमध्ये स्पिटफायर थांबली. ऑक्टोबरमध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. एमजीबीच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तोवर बनल्या होत्या. १९८९ मध्ये जपानच्या माझदाने याच घाटाची 'एमएक्स-५' काढली. ती गळत नाही, सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होते, आणि चालवायलाही तितकीच गमतीची आहे. तरी जुन्यांचे चाहते हटले नाहीत.

उलट १९८८ साली एक वेगळीच गोष्ट घडली. 'ब्रिटिश मोटर हेरिटेज' या संस्थेने एमजीबीची बॉडी दाबून काढायचे मूळ साचे शोधून जमवले आणि त्यांवर कोऱ्या बॉड्या पुन्हा तयार करायला सुरुवात केली. मालक आपली गंजलेली गाडी घेऊन बसतो. इंजिन, आस, दिवे, तारा, सीट असे एकेक काढून, चिठ्ठ्या लावून डब्यांत ठेवतो आणि नव्या बॉडीत पुन्हा जोडत जातो. या कामाला काहींना एक हिवाळा पुरतो, काहींना दहा वर्षे लागतात. आयुष्यभर ॲम्बॅसडरचे टॅपेट लावलेला आपल्या गावचा मिस्त्री अशा वेळी तिथे उभा असता, तर इंजिनाचा डबा त्याने न विचारता उचलला असता.