ऑफ-रोड गाडीला मोठे टायर लावताय? आधी टायर साइज आणि अ‍ॅक्सल शाफ्टचं गणित समजून घ्या

रील्समध्ये मोठ्या टायरची ४x४ बघितली की आपल्याही गाडीला तसेच टायर हवेसे वाटतात. पण टायर बदलला की काम तिथेच संपत नाही. वाढलेला ताण अ‍ॅक्सल शाफ्ट, गिअर आणि ब्रेकपर्यंत जातो. म्हणून आधी टायर ठरवायचा आणि मग शाफ्टचा विचार करायचा.

टायरवरचे आकडे कसे वाचायचे?

मारुती जिम्नीचा कंपनी टायर १९५/८० आर१५ आहे. त्याचा अर्थ असा:

- १९५ : टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये
- ८० : टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, म्हणजे रुंदीच्या ८० टक्के (१५६ मिमी)
- आर : रेडियल बांधणी
- १५ : रिमचा व्यास, इंचात (३८१ मिमी)

एकूण उंची = १५६ + १५६ + ३८१ = ६९३ मिमी, म्हणजे साधारण २७.३ इंच. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर कुठल्याही टायरचं हे गणित अर्ध्या मिनिटात होतं.

साइज वाढवली तर काय बदलतं?

समजा, तुम्ही २३५/७५ आर१५ घेतला. त्याची उंची ७३३.५ मिमी येते, म्हणजे जवळपास ६ टक्के जास्त.

- ग्राउंड क्लिअरन्स वाढतो, पण उंचीतल्या वाढीच्या निम्माच. इथे फक्त २० मिमी.
- स्पीडोमीटर आधीपेक्षा कमी वेग दाखवतो. फोनवरच्या जीपीएस स्पीडशी ताडून बघा.
- पिकअप मंदावतो आणि ब्रेकला जास्त मेहनत पडते.
- स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासू शकतो.

स्टेपनीही त्याच साइजची घ्या. जिम्नीसारख्या पार्ट-टाइम ४x४ मध्ये मधला डिफरन्शियल नसतो. चार चाकांची उंची वेगवेगळी असेल, तर ४x४ लावल्यावर ट्रान्सफर केसवर उगाच ताण येतो.

शाफ्ट का तुटतो?

अ‍ॅक्सल शाफ्ट म्हणजे डिफरन्शियलकडून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा. चाक घसरलं की त्याच्यावरचा पीळ सुटतो. मोठा आणि जास्त पकडीचा टायर उशिरा घसरतो, त्यामुळे तोपर्यंत शाफ्टला जास्त पीळ सोसावा लागतो. त्यात टायरचं वजनही वाढलेलं असतं.

सगळ्यात धोक्याचे क्षण दोन. एक, चाक दगडांत अडकलेलं असताना जोरात रेस देणं. दुसरा, हवेत गरगर फिरणारं चाक अचानक जमिनीवर टेकणं. अशा झटक्यात चांगला शाफ्टही जातो.

मजबूत शाफ्ट निवडताना काय बघायचं?

१. जाडी : शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. व्यास १० टक्के वाढला तर ताकद सुमारे ३३ टक्के वाढते.

२. धातू : साध्या कार्बन स्टीलऐवजी हीट-ट्रीटमेंट केलेलं क्रोमोली (४३४० ग्रेड) जास्त ताण सोसतं.

३. स्प्लाइन : शाफ्टच्या टोकावरचे खाचेदार दाते. जीप रँग्लर टीजेमध्ये (१९९७ ते २००६) मागे डाना ३५ किंवा डाना ४४ अ‍ॅक्सल यायचा. पहिल्यात २७ स्प्लाइन, दुसऱ्यात ३० स्प्लाइनचा जाड शाफ्ट. मोठे टायर लावणारे डाना ४४ वाली गाडी का शोधतात, ते यावरून कळेल. स्प्लाइन बदलले की डिफरन्शियलमधले जुळणारे भागही बदलावे लागतात, खर्चात तेही धरा.

४. सेमी-फ्लोट की फुल-फ्लोट : सेमी-फ्लोटमध्ये शाफ्ट पीळही सोसतो आणि गाडीचं वजनही. फुल-फ्लोटमध्ये वजन हाउसिंग उचलतं. काही सेमी-फ्लोट अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट तुटला तर तुकड्यासकट चाकच बाहेर येऊ शकतं. हा जिवाशी खेळ आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. शाफ्ट मजबूत केला की ताण पुढच्या कमजोर भागावर जातो. मग जॉइंट किंवा डिफरन्शियलचे गिअर तुटतात, आणि ते काम शाफ्टपेक्षा महाग पडतं.

मग नेमकं काय करायचं?

- पावसाळ्यातला चिखल, घाटातले कच्चे रस्ते एवढंच करायचं असेल, तर कंपनी साइजमध्येच चांगले ऑल-टेरेन टायर घ्या. शाफ्टला हात लावू नका.
- वाळूत किंवा चिखलात हवा थोडी कमी करा. टायर पसरतो आणि पकड फुकटात वाढते. डांबरी रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरा.
- साइज वाढवायचीच असेल, तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेली साइज आधी बघा.
- लोड इंडेक्स कंपनी टायरपेक्षा कमी नको.
- दगडांतलं ऑफ-रोडिंग आणि बरेच मोठे टायर, दोन्ही नक्की असेल तरच शाफ्ट बदला.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधी आरटीओ, इन्शुरन्स आणि वॉरंटी या तिन्हींची खात्री करून घ्या. डोंगरात गाडी बंद पडली तर टोइंगवाला लवकर पोहोचत नाही. म्हणून दिसण्यापेक्षा घरी परत आणणारा टायर निवडा.