बाँडची पहिली स्पोर्ट्स कार आणि भांडुपचा कारखाना

धनजमध्ये इंग्लंडच्या स्पोर्ट्स कारवर व्याख्यान आहे म्हटल्यावर काहींना नवल वाटलं असेल. आपल्याकडे गप्पा निघतात त्या कापसाच्या, तुरीच्या, फार तर शकुंतला रेल्वेच्या. पण थोडा दम धरा, ही गाडी आपल्या स्कूटरपर्यंत येणार आहे.

जेम्स बाँडची गाडी कोणती, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ॲस्टन मार्टिन डीबी५. चंदेरी रंग, पुढच्या दिव्यांमागे लपवलेल्या बंदुका, शेजारच्या माणसाला छतातून बाहेर फेकणारी सीट. आम्हीही बरीच वर्षं हीच त्याची पहिली गाडी समजत होतो. पण ती ज्यात दिसली तो ‘गोल्डफिंगर’ १९६४ चा, म्हणजे मालिकेतला तिसरा चित्रपट. पहिला ‘डॉ. नो’ लंडनमध्ये ५ ऑक्टोबर १९६२ रोजी लागला. त्यात शॉन कॉनरी जमैकाच्या डोंगरी रस्त्यावर एक निळी, उघड्या टपाची गाडी हाकतो. ती सनबीम अल्पाइन. इंजिन चार सिलिंडरचं, १५९२ सीसीचं. बंदूक नाही, बटण नाही, काही नाही.

प्रसंग आठवून बघा. मागे काळी शववाहिनी लागली आहे आणि पुढे रस्त्यात क्रेन आडवी. अल्पाइन तिच्याखालून सुळकन निघून जाते. शववाहिनी उंच, ती दरीत कोसळते. म्हणजे या गाडीची करामत काय, तर ती बुटकी होती! कॉनरीचे जवळचे शॉट स्टुडिओत, मागे पडद्यावर रस्ता पळवून घेतले आहेत, हे आज लगेच कळतं. तरी हेराच्या चित्रपटातल्या गाड्यांच्या पाठलागाचा सगळा साचा तिथे दिसतो.

मग नाव डीबी५चंच का झालं? आकडे उलटं सांगतात. डीबी५ बनल्या जेमतेम हजारभर. अल्पाइन १९५९ ते १९६८ या काळात सुमारे सत्तर हजार बनल्या. आमच्या मते फरक पडला तो खेळण्यामुळे. १९६५ मध्ये कॉर्गी कंपनीने डीबी५ची छोटी धातूची गाडी बाजारात आणली, तीसुद्धा उडणाऱ्या सीटसह. ती लाखोंनी खपली. पोरांच्या खिशात जी गाडी गेली, तीच त्यांच्या आठवणीत राहिली. बुटकेपणाचं खेळणं कोण करणार?

अल्पाइनच्या नशिबी आणखी एक गंमत होती. १९६५ साली अमेरिकन टीव्हीवर ‘गेट स्मार्ट’ ही हेरांची टर उडवणारी मालिका सुरू झाली. तिच्या नायकाची गाडी सनबीम टायगर, म्हणजे अल्पाइनच्याच अंगात बसवलेलं फोर्डचं व्ही-८ इंजिन. पण ते इंजिन एवढं थोराड, की बॉनेटखाली मशीनगन दाखवायला जागाच उरेना. तेव्हा एका अल्पाइनला टायगरचं सोंग देऊन तो प्रसंग उरकला. काम हिने केलं, नाव तिचं झालं.

आता आपल्याकडे येऊ. सनबीम हे रूट्स ग्रुपचं नाव. हिलमन, हंबर याही त्यांच्याच. खुद्द अल्पाइनचा सांगाडा हिलमन हस्की या साध्यासुध्या घरगुती गाडीवरून घेतलेला होता. याच रूट्सने १९४९ मध्ये मुंबईत ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, सुरू केली. काम काय, तर परदेशातून आलेल्या सुट्या भागांची जोडणी. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालावरून सरकारने ठरवलं, की ज्यांना इथे गाडी बनवायची नाही, नुसती जोडायची आहे, त्यांनी गाशा गुंडाळावा. १९२८ पासून मुंबईत असलेली जनरल मोटर्स गेली, फोर्ड गेली. एपीआय मद्रासच्या एम. ए. चिदंबरम यांच्या हाती गेली आणि भांडुपच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली ती इटलीच्या परवान्यावरची लॅम्ब्रेटा. पुढे तिलाच लॅम्बी म्हणू लागले. हां, आता काही मंडळी हसायला लागली! जिला एका बाजूला कलती करून किक मारावी लागायची, तीच ती. जिच्या मूळ मालकांनी बाँडला पहिली स्पोर्ट्स कार दिली, त्याच कंपनीतून ती स्कूटर आपल्या दारात आली.

असंच दुसरं नातं हेराल्डचं. ‘डायमंड्स आर फॉरएव्हर’ (१९७१) मध्ये बाँड थोडा वेळ ट्रायम्फ स्टॅग चालवतो. कुणाच्या लक्षातही राहत नाही. तिचं रूप आखलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्ती यांनी. मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेली स्टँडर्ड हेराल्डही त्यांचीच. आपल्या डॉक्टर-वकिलांच्या दारात जी हेराल्ड उभी असायची, ती स्टॅगची थोरली बहीण होती. स्टॅग मात्र इंजिन तापण्यासाठीच जास्त बदनाम झाली.

आणि जॅग्वार? तिच्या वाट्याला पडद्यावर बहुधा खलनायकच आले. ‘डाय अनदर डे’त (२००२) एक्सकेआर, ‘स्पेक्टर’मध्ये (२०१५) रोमच्या रस्त्यांवर सी-एक्स७५. ही दुसरी गाडी कधी विक्रीला आलीच नाही. ‘स्पेक्टर’ पाहताना आपण टाळ्या वाजवल्या त्या ॲस्टन मार्टिनला. पण जॅग्वार २००८ मध्येच टाटा मोटर्सने घेतली होती. म्हणजे त्या रात्री रोममध्ये बाँडच्या मागे लागलेली गाडी मुंबईच्या मालकीची होती.

जाता जाता एक विनंती. भांडुपला एपीआयमध्ये काम केलेलं कुणी तुमच्या घरात, नात्यात असेल, तर त्यांचा गेटपास, पगाराची पावती, खात्यातला एखादा ग्रुप फोटो शोधून ठेवा. डीबी५च्या नटबोल्टांवर पुस्तकं निघाली आहेत. भांडुपच्या त्या पहिल्या वर्षांत कोणती गाडी कुणाच्या हातून जोडली गेली, हे लिहायला आम्हाला ते कागद लागतील.