मॉरिन्सव्हिलचा जॉन मनी आणि ‘मी कोण’ या प्रश्नाचे विज्ञान

हॅमिल्टनपासून मोटारीने अर्ध्या तासावर असलेले मॉरिन्सव्हिल हे गाव आपल्याला माहीत आहे ते दुधामुळे. परंतु ८ जुलै १९२१ रोजी या गावात जन्मलेल्या एका मुलाने पुढे जगभरच्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि आईबापांच्या तोंडी एक शब्द बसवला. तो शब्द ‘जेंडर’. इंग्रजीत तो जुनाच होता, पण मुख्यतः व्याकरणापुरता. मराठीत आता आपण त्याला लिंगभाव म्हणतो. शरीराचे लिंग वेगळे आणि ‘मी पुरुष आहे’ किंवा ‘मी स्त्री आहे’ ही आतली जाणीव वेगळी, हा भेद वैद्यकशास्त्रात रुजवण्यात त्या मुलाचा, म्हणजे डॉ. जॉन मनी यांचा वाटा मोठा आहे. आणि या भेदाचे मूळ कशात आहे, या प्रश्नावर त्यांच्याइतके ठाम उत्तर देऊन त्यांच्याइतके चुकलेले शास्त्रज्ञही थोडेच असतील.

मनी एका कर्मठ ख्रिस्ती पंथाच्या घरात वाढले. वडील लहानपणीच वारले. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठात शिकून ते ड्युनेडिनला ओटागो विद्यापीठात मानसशास्त्र शिकवू लागले. पुढे प्रसिद्ध लेखिका झालेल्या जॅनेट फ्रेम त्या काळात त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. १९४७ साली मनी अमेरिकेला गेले, १९५२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे आयुष्यभर काम केले.

त्यांचा अभ्यास होता तो जन्मतः ज्यांचे लिंग स्पष्ट नसते अशा मुलांचा. १९५५ साली त्यांनी ‘जेंडर रोल’ ही संज्ञा वापरली आणि सिद्धान्त मांडला तो असा: मूल स्वतःला मुलगा समजेल की मुलगी, हे गुणसूत्रांपेक्षा संगोपनावर ठरते. पहिल्या दोनएक वर्षांत ज्या रीतीने वाढवाल तसे ते घडेल. त्या काळी हा विचार पुरोगामी वाटला. ‘निसर्गाने ठरवले ते अटळ’ म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. शिवाय १९६६ साली हॉपकिन्समध्ये प्रौढ पारलिंगी व्यक्तींवर शस्त्रक्रिया करणारे केंद्र सुरू झाले, त्यामागेही मनी होते. ते श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

मात्र त्यांच्या सिद्धान्ताची खरी परीक्षा कॅनडात झाली. विनिपेग येथे १९६५ साली एका दांपत्याला जुळे मुलगे झाले, ब्रूस आणि ब्रायन. आठव्या महिन्यात सुंतेची शस्त्रक्रिया करताना विजेच्या उपकरणाने ब्रूसचे शिश्न जळाले. हताश आईबाप मनींकडे आले. मनींच्या सल्ल्याने १९६७ साली, बाळ बावीस महिन्यांचे असताना, त्याचे वृषण काढण्यात आले, नाव ब्रेंडा ठेवण्यात आले आणि त्याला कधीही काही सांगायचे नाही असे ठरले. एकाच बीजाचे दोन भाऊ, एक मुलगा म्हणून वाढलेला, दुसरा मुलगी म्हणून. यापेक्षा चांगला पुरावा कोणता? १९७२ साली मनींनी तो यशस्वी झाल्याचे ग्रंथातून जाहीर केले आणि पाठ्यपुस्तकांनी तो उचलला.

प्रत्यक्षात ‘ब्रेंडा’ला मुलींचे कपडे नको होते, खेळणी नको होती आणि बाल्टिमोरच्या वाऱ्या तर मुळीच नको होत्या. मूल सांगत होते, पण ऐकणाऱ्याचा निष्कर्ष आधीच छापून झाला होता. १९८० साली वडिलांनी सत्य सांगितल्यावर त्या मुलाने पुरुष म्हणून जगायचे ठरवले आणि डेव्हिड हे नाव घेतले. मनींशी १९६५ पासून वाद घालणारे मिल्टन डायमंड आणि विनिपेगचे मनोविकारतज्ज्ञ कीथ सिग्मंडसन यांनी १९९७ साली हकीगत प्रसिद्ध केली, तेव्हा वैद्यकीय जग हादरले. २००२ साली ब्रायन गेला आणि मे २००४ मध्ये डेव्हिड रायमरने आत्महत्या केली.

येथे घाई करून ‘म्हणजे सर्व काही जीवशास्त्रच’ असे म्हणू नये. एका चाचणीवरून प्रणाली बरोबर किंवा चूक ठरवू नये, हे आम्ही संगणकवाले नवशिक्यांना पहिल्याच आठवड्यात सांगतो. पण पुढे अधिक पुरावा आला. जन्मजात दोषामुळे शिश्न नीट तयार न झालेल्या सोळा मुलांचा अभ्यास हॉपकिन्सच्याच विल्यम रायनर आणि जॉन गियरहार्ट यांनी २००४ साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी चौदा जणांना मुली म्हणून वाढवले गेले होते. त्या चौदांतल्या आठांनी पुढे आपण पुरुष असल्याचे सांगितले. संगोपन सर्वशक्तिमान नाही, एवढे यातून दिसते. सगळ्यांनी तसे सांगितले नाही, हेही तितकेच खरे.

ही मुले पारलिंगी व्यक्तींपेक्षा वेगळी. ज्यांच्या शरीरात कोणताही दोष नाही, तरी जाणीव शरीराशी जुळत नाही, त्यांचे काय? या दिशेने गाजलेला शोध नेदरलँड्सचा. डिक स्वाब आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले की, पुरुष म्हणून जन्मलेल्या सहा पारलिंगी स्त्रियांच्या मेंदूत एक छोटा पेशीसमूह पुरुषांसारखा नसून स्त्रियांच्या आकाराचा आढळला. मृत्यूनंतर दान मिळालेले हे सहा मेंदू गोळा करायला अकरा वर्षे लागली होती. त्यामागची कल्पना सोपी आहे. गर्भात जननेंद्रिये पहिल्या काही महिन्यांत घडतात, तर मेंदूवर संप्रेरकांचा परिणाम मुख्यतः त्यानंतर होतो. दोन कामे दोन वेळी होतात, तर त्यांचे परिणाम दोन दिशांना जाऊ शकतील.

कल्पना आकर्षक, पण अडचणी लगेच दिसल्या. त्या स्त्रियांनी संप्रेरके घेतली होती. औषधांनी मेंदू बदलला नसेल कशावरून? याच गटाने २००२ साली दाखवले की, त्या पेशीसमूहाच्या आकारातला स्त्री-पुरुष फरक प्रौढपणीच स्पष्ट होतो, आणि पारलिंगी व्यक्ती तर आपली जाणीव बालपणापासूनची असल्याचे बरेचदा सांगतात. २००६ साली नेदरलँड्समध्येच जिवंत व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण झाले आणि संप्रेरकांनी मेंदूचा आकार बदलतो हे दिसले. २०१५ साली दाफ्ना जोएल यांच्या गटाने चौदाशेहून अधिक मेंदूंची चित्रे तपासली. त्यांना बहुतेक मेंदूंत ‘पुरुषी’ आणि ‘बायकी’ म्हटलेल्या गुणांची सरमिसळ आढळली.

अनुवंशाची गोष्टही अशीच. बेल्जियमच्या गुंटर हेलेन्स यांनी २०१२ साली आधी प्रसिद्ध झालेल्या जुळ्यांच्या नोंदी एकत्र केल्या. एकबीज जुळ्यांच्या २३ जोड्यांपैकी ९ जोड्यांत, म्हणजे ३९ टक्क्यांत, दोघेही पारलिंगी होते. समलिंगी द्विबीज जुळ्यांच्या २१ जोड्यांत एकही नाही. म्हणजे अनुवंशाचा हात असावा. पण जनुके तीच असून १४ जोड्यांत एकच भावंड पारलिंगी होते, तेव्हा केवळ जनुकांवर भागत नाही. आपल्या शेजारी मेलबर्नमध्ये २००९ साली ११२ पारलिंगी स्त्रियांच्या अभ्यासात पुरुषी संप्रेरकाच्या ग्राहक-जनुकाशी संबंध दिसला, परंतु २०१४ साली स्पेनमध्ये चारशेहून अधिक जणींच्या अभ्यासात तो दिसला नाही.

सारांश, गर्भातली संप्रेरके, जनुके, मेंदूची घडण या सर्वांचा काही वाटा असावा असे पुरावे सुचवतात. पण रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून ‘ही व्यक्ती पारलिंगी आहे’ असे सांगणारी चाचणी नाही.

मग मान्यता द्यायला त्या चाचणीची वाट पाहायची का? कायद्याने हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला आणि त्या वाटेवर आपले दोन्ही देश भेटतात. इंग्लंडच्या न्यायालयाने १९७० साली गुणसूत्रे आणि जन्मावेळची जननेंद्रिये हीच कसोटी मानली होती. १९९४ साली ओटाहुहूच्या कौटुंबिक न्यायालयातून आलेल्या प्रश्नावर न्यूझीलंडच्या हायकोर्टात न्या. एलिस यांनी ती कसोटी नाकारली आणि शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला नव्या लिंगाने विवाह करता येईल असे सांगितले. १५ एप्रिल २०१४ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या हक्कांचा निकाल देताना या न्यूझीलंडच्या निकालाची दखल घेतली आणि शारीरिक कसोटीपेक्षा मानसिक कसोटीला महत्त्व दिले. येथे जन्मनोंद असलेल्यांना १५ जून २०२३ पासून वैद्यकीय पुराव्याविना जन्मदाखल्यावरचे लिंग बदलता येते. समाजही मागे नव्हता. कार्टरटनने १९९५ साली जॉर्जिना बायर यांना महापौर केले आणि १९९९ साली वायरारापाने त्यांना संसदेत पाठवले. जगातल्या त्या पहिल्या उघड पारलिंगी खासदार.

आपण शिखंडीची कथा आवडीने ऐकतो, बृहन्नडेचे कौतुक करतो आणि मुंबईत सिग्नलला टाळी वाजली की गाडीची काच वर करतो. येथे सिग्नलला टाळी वाजत नाही. पण २०२३ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील सुमारे ०.७ टक्के लोकांनी आपण पारलिंगी असल्याची नोंद केली. आपल्या गणपतीला जमणाऱ्या शेदोनशे घरांत असे मूल नसेलच, असे गणित तरी सांगत नाही. त्या घरात पहिला प्रश्न येईल तो ‘आमचे काय चुकले?’ आणि दुसरा ‘लोक काय म्हणतील?’ पहिल्याचे उत्तर वरच्या इतिहासात आहे. संगोपनाने लिंगभाव घडवता येतो असे मानणाऱ्या सर्वांत मोठ्या तज्ज्ञाला, हाताशी हॉपकिन्ससारखी संस्था असूनही, एका मुलाचा लिंगभाव घडवता आला नाही. मग तो तुमच्या लाडाने किंवा धाकाने बिघडला असेल, असे मानायला आधार नाही. दुसऱ्याचे उत्तर ज्याने त्याने द्यायचे आहे.

जॉन मनी २००६ साली वारले. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू आज साउथलंडमधल्या गोर गावच्या कलादालनात आहेत. विद्वत्ता, धाडस, शब्दांवरची हुकमत, सारे त्यांच्याकडे होते. समोर बसलेले मूल काय म्हणते आहे, तेवढे ऐकायचे राहिले. संशोधन चालू राहील, निष्कर्ष बदलतील. ते ऐकणे मात्र आपल्यापैकी कोणालाही आजपासून जमण्यासारखे आहे.