कोल्हापूर संस्थानातील चित्ते : शिकार, छायाचित्रे आणि ऐतिहासिक पुरावा

प्रस्तावना : राजर्षी शाहू महाराजांच्या (१८७४-१९२२) सामाजिक कार्यावर विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने कोल्हापूर संस्थानातील चित्त्यांचा विचार कमी झाला. शाहू महाराज व त्यांच्यानंतर राजाराम महाराज (कारकीर्द १९२२-१९४०) यांच्या काळात पाळीव चित्त्यांकडून काळविटांची शिकार करविली जाई. पाहुण्यांना ती दाखविली जाई आणि तिची छायाचित्रेही घेतली जात. पुरावा म्हणून ही छायाचित्रे नेमके काय सांगतात, हा येथे विचाराचा विषय आहे.

शिकारीची पद्धत : डोळ्यांवर झापड बांधलेल्या चित्त्यास बैलगाडीतून माळावर नेत व कळप टप्प्यात येताच झापड काढून सोडत. चित्त्याचा वेग थोड्या अंतरापुरताच टिकतो. म्हणून कळप न बुजविता गाडी जवळ नेण्यात चित्तेवानाचे कसब असे. बंदिवासात वाढलेल्या बछड्यास आईकडून शिकारीचे शिक्षण मिळत नाही. त्यामुळे रानातील वाढलेला चित्ताच पकडून माणसाळविला जाई. बंदिवासात त्याची वीण क्वचितच होई. जहांगीर बादशहाच्या आठवणींतील अशी नोंद अपवाद ठरते. परिणामी प्रत्येक पाळीव चित्त्यामागे रानातील एक चित्ता कमी होई.

पुराव्याचा प्रश्न : विसाव्या शतकाच्या प्रारंभी भारतातील रानटी चित्ता दुर्मीळ झाला. तेव्हा कोल्हापूर, भावनगर यांसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते आणविले. म्हणजेच या काळातील कोल्हापूरच्या छायाचित्रात चित्ता दिसतो, यावरून तो परिसरातील रानात होता असे अनुमान काढता येत नाही. उलट, आयात करावी लागली हीच गोष्ट त्याच्या ऱ्हासाची साक्ष ठरते. कोरिया संस्थानात १९४७ मध्ये तीन चित्ते मारले गेले. १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे शासनाने जाहीर केले.

निष्कर्ष : सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातील आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले. आफ्रिकेकडे वळण्याचा मार्ग जुनाच. हेतू मात्र शिकारीऐवजी पुनर्वसनाचा. कोल्हापूरची छायाचित्रे संस्थानी वैभवाची व चित्तेवानांच्या कौशल्याची साधने होत. वन्यजीवांच्या इतिहासासाठी त्यांचा उपयोग करताना वर्ष, स्थळ व प्राण्याचे मूळ तपासणे अगत्याचे आहे.