चंद्रकोर, पंचांग आणि पलीकडची विश्वे

कडेगावच्या मोहरमची तारीख चंद्र ठरवतो. बकरी ईदनंतर बांबू बांधायला सुरुवात होते आणि गगनचुंबी ताबूत हळूहळू आकार घेऊ लागतात. मोहरम महिना नेमका कधी लागला, हे मात्र आधीच्या महिन्याच्या 29 तारखेला सूर्य मावळल्यावर पश्चिमेला कोर दिसते की नाही, त्यावर अवलंबून असते. दिसली तर नवा महिना सुरू, नाही दिसली तर तीस दिवस पुरे करायचे. त्याच गावात, त्याच संध्याकाळी, शेजारच्या भिंतीवर टांगलेल्या पंचांगात अमावास्येची समाप्ती घटी-पळांसह कित्येक महिने आधी छापून ठेवलेली असते. एका रीतीत डोळ्याची साक्ष आणि दुसरीत गणिताची, आणि ताबुतांच्या भेटींना जमणाऱ्या गर्दीत दोन्ही रीती पाळणारी माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात. गणिताने काढलेले आणि डोळ्याने पाहिलेले यांचा मेळ बसणे, याला आपल्या जुन्या ज्योतिषात नेमका शब्द आहे: दृक्प्रत्यय. आपल्या विश्वाखेरीज आणखी विश्वे आहेत का आणि आकाशाचे निरीक्षण त्यांची साक्ष देऊ शकेल का, हा आजच्या खगोलशास्त्रातला कळीचा प्रश्न. तो पारखायला दृक्प्रत्यय हीच योग्य कसोटी आहे, आणि या शब्दाचा महाराष्ट्रातला इतिहास त्या कामी फार उपयोगी पडतो, असे मला वाटते.

कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 म्हणजे 1520 च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिले आणि पुढची साडेतीनशे वर्षे मराठी मुलखातली पंचांगे त्यावर चालली. गणेशांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः ग्रहांचे वेध घेणारे होते. जुन्या ग्रंथांतले ग्रह आकाशात त्या जागी सापडत नाहीत, हे त्यांनी पाहिले आणि आकडे दुरुस्त केले. मुलाच्या ग्रंथाला त्या वेधांचा आधार होता. पण वेध थांबले, कोष्टके तेवढी राहिली, आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगातला ग्रह एकीकडे तर आकाशातला दुसरीकडे अशी स्थिती आली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि शके 1787 पासून त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागले. त्यावर मोठा वाद झाला. तिथी बदलली म्हणजे एकादशी बदलते, श्राद्ध बदलते. पूर्वजांनी पाळलेला दिवस चुकीचा ठरतो. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुंबईत 1904 मध्ये, पुण्यात 1917 मध्ये आणि सांगलीत 1920 मध्ये ज्योतिषी मंडळी परिषदा भरवून यावर भांडली. सांगलीपर्यंत येता येता एक गोष्ट मात्र बहुतेकांना मान्य झाली होती. ग्रह कुठे आहे हे आकाशाला विचारायचे, पोथीला नव्हे.

वाद संपला नाही, कारण त्यात आणखी एक प्रश्न दडलेला होता. राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची? छत्रे आणि टिळक यांच्या पक्षाने रेवती नक्षत्रातला तारा धरला, तर व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा ताऱ्याच्या समोरचा बिंदू धरला. दुर्बीण कितीही मोठी आणा, हा वाद ती सोडवणार नाही. गुरू अमक्या रात्री अमक्या ताऱ्याजवळ दिसेल, हे विधान आकाश खरे किंवा खोटे ठरवते. आरंभबिंदू कोणता, हे आकाश सांगत नाही. जे विधान आकाश तपासू शकते आणि जे तपासू शकत नाही, त्यांतला हा फरक पंचांगवाद्यांना अनुभवाने कळला. पलीकडच्या विश्वांवरच्या चर्चेत मात्र तो वारंवार पुसला जातो.

याच केतकरांच्या हातून एक विलक्षण गोष्ट घडली. शिक्षण खात्यात नोकरी करणारे हे गृहस्थ. गुरूच्या उपग्रहांच्या फेऱ्यांमध्ये लाप्लासने दाखवलेला ताळमेळ बाहेरच्या ग्रहांनाही लागू पडत असावा, असे धरून त्यांनी गणित केले आणि 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल मंडळाच्या पत्रिकेत ते छापून आले. नेपच्यूनपलीकडे एक ग्रह असावा. सूर्यापासून त्याचे अंतर पृथ्वीच्या 38.95 पट, फेरीचा काळ सुमारे 242 वर्षे. नाव त्यांनी दिले ब्रह्मा. एकोणीस वर्षांनी, 1930 मध्ये, क्लाइड टॉमबॉने प्लूटो शोधला. त्याचे सरासरी अंतर 39.5 पट आणि काळ 248 वर्षे! मराठी माणसाला याचा अभिमान वाटणे साहजिक आहे, मलाही वाटतो. पण अभिमान बाजूला ठेवून विचारले पाहिजे: आकडा जुळला म्हणून त्यामागचे कारणही सिद्ध झाले का? केतकरांनी त्याच तर्काने विष्णू नावाचा आणखी दूरचा ग्रह सांगितला होता. तो काही सापडला नाही. नेपच्यून आणि प्लूटो यांच्या फेऱ्यांत तीनास दोन असे प्रमाण खरोखरच आहे, म्हणजे ताळमेळाची त्यांची जाण पोकळ नव्हती. तरीही एक आकडा जुळणे म्हणजे दृक्प्रत्यय नव्हे. नेपच्यूनची गोष्ट निराळी होती. युरेनस वाटेवरून किती ढळतो, यावरून तो कोणत्या दिशेला शोधायचा हे सांगितले गेले आणि 1846 मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत शोधाच्या पहिल्याच रात्री तो त्या जागेपासून अंशभराच्या आत सापडला.

आता मोठ्या प्रश्नाकडे येऊ. अ‍ॅलन गुथ यांनी 1981 मध्ये मांडले की, जन्मानंतरच्या अतिसूक्ष्म क्षणात विश्व प्रचंड वेगाने फुगले. आंद्रेई लिंडे आणि अलेक्झांडर विलेंकिन यांनी पुढे दाखवले की असे फुगणे एकदा सुरू झाले की सगळीकडे एकदम थांबत नाही. उकळत्या दुधात बुडबुडे उठावेत तशी जागोजागी विश्वे सुटी होतात आणि मधली जागा फुगतच राहते. त्यांतला एक बुडबुडा आपला. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी 1987 मध्ये याच धर्तीवर तर्क केला. निर्वात अवकाशाची ऊर्जा प्रत्येक विश्वात वेगळी असेल, तर दीर्घिका घडू शकतील इतकी कमी ऊर्जा असलेल्या विश्वातच कुणी ती मोजायला असणार; तेव्हा आपल्याकडे ती मर्यादेत असेल, पण नेमकी शून्य असण्याचे कारण नाही. 1998 मध्ये दूरच्या स्फोटक ताऱ्यांच्या मोजणीतून ती शून्य नसल्याचे आणि मर्यादेत असल्याचे दिसले. अनेक विश्वांच्या बाजूने दिला जाणारा हा सर्वांत वजनदार पुरावा. मला यात केतकरांचा ब्रह्मा दिसतो. भाकीत आधी केले होते, याचा मान दिलाच पाहिजे. पण हाती आलेली संख्या एकच आहे, आणि तिच्यामागे दुसरे कारण असण्याची वाट मोकळी आहे.

खरी साक्ष कशी असेल, हे सांगता येते. दोन बुडबुडे जन्मानंतर एकमेकांना घासले, तर त्याचा वण विश्वातल्या सर्वांत जुन्या प्रकाशावर गोल चकतीच्या रूपात उमटायला हवा. विश्व सुमारे 3,80,000 वर्षांचे असताना मोकळा झालेला हा प्रकाश आता केवळ 2.7 केल्विन तापमानाच्या सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो, आणि त्यात एक लाखात एक भागाइतका चढउतार आहे. 2011 मध्ये लंडनमधल्या स्टीफन फीनी, हिरान्या पेइरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डब्ल्यूमॅप उपग्रहाच्या सात वर्षांच्या नोंदींत अशा चकत्या शोधल्या. जागा कुठे पाहायची हे न ठरवता, चकतीची घडण कशी असेल ते आधी ठरवून. चार जागा सापडल्या, पण योगायोगाने दिसू शकते त्यापलीकडचे काही आहे असे म्हणण्याइतका जोर त्यांत नव्हता. डिसेंबरमध्ये रात्री नऊ-दहाला कडेगावच्या दक्षिण आकाशाकडे पाहिले, तर मृगातल्या राजन्य ताऱ्याच्या पश्चिमेला, थोडे खाली, बऱ्यापैकी रिकामा भाग दिसतो. डोळ्याला तिथे वेगळे काहीच दिसत नाही. सूक्ष्मलहरींच्या नकाशात मात्र नेमका तिथेच सुमारे दहा अंशांचा, म्हणजे वीस पौर्णिमेचे चंद्र ओळीने मावतील एवढा, थंड डाग आहे. आसपासच्या सरासरीपेक्षा एका अंशाच्या दशलक्षांश सत्तरेक भागांनी थंड. तो 2004 मध्ये लक्षात आला आणि हा दुसऱ्या विश्वाचा ठसा असल्याचे दावे झाले. त्या दिशेला दीर्घिका विरळ असलेली मोठी पोकळी आहे हेही पुढे कळले, पण तिच्यामुळे थंडाव्याचा थोडाच भाग समजतो. उरलेला भाग दुसऱ्या विश्वाच्या खाती मांडण्याची घाई मला पटत नाही. डाग आधी सापडला आणि कारण नंतर शोधले गेले, इथेच त्या साक्षीचे बळ कमी होते.

पुण्याच्या ‘आयुका’त तरुण सौरदीप आणि अमीर हाजियन यांनी 2003 पासून या प्रकाशाच्या चढउतारांचे स्वरूप सर्व दिशांना सारखे आहे का, हे मोजण्याची पद्धत उभी केली. असल्या दाव्यांना जमिनीवर आणणारे हेच काम. एखाद्या दिशेचे वेगळेपण सांगण्याआधी, नुसत्या योगायोगाने किती वेगळेपण दिसू शकते हे मोजावे लागते. पंचांगकर्त्याला दर ग्रहणाला नवी संधी मिळे. इथे आकाश एकच आहे आणि ते पुन्हा पाहिले तरी तेच दिसते.

आक्षेप असा घेतला जातो की, आपल्या क्षितिजापलीकडचे म्हणजे सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षांपलीकडचे काही दिसणारच नसेल, तर ही चर्चा विज्ञानात बसतच नाही. जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतले दुसरे जग या आक्षेपात नक्की सापडते. विश्वासराव वाचल्यामुळे इतिहासाला वेगळी वाट फुटलेल्या त्या जगातून गंगाधरपंत बखरीचे एक पान खिशात घालून परततात. पुंज सिद्धांतातल्या अशा समांतर जगांतून पान आणण्याची सोय दुर्बिणीला नाही. तो प्रश्न रेवती-चित्राच्या जातीचा आहे. बुडबुड्यांचे तसे नाही. ती कल्पना आपल्याच अवकाशाबद्दल एक रोखठोक विधान करते: बुडबुड्यात जन्मलेल्या विश्वाची वक्रता ऋण असली पाहिजे. ती धन निघाली, दहा हजारात एका भागाइतकी जरी निघाली, तरी हे चित्र मोडते. प्लांक उपग्रहाच्या आणि दीर्घिकांच्या मोजणीतून 2018 पर्यंत मिळालेले वक्रतेचे प्रमाण 0.0007 आहे, पण त्यात चूक 0.0019 ची असू शकते. शून्याच्या कोणत्या बाजूला ते आहे, हे सांगायला मोजणी आणखी कित्येक पटींनी बारीक व्हावी लागेल. आणि चकती खरोखर टकरीचीच असेल, तर तापमानासोबत त्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणातही तिचा ठराविक आकार त्याच जागी उमटलेला असेल. तो कसा दिसेल याचे गणित आधीच मांडून ठेवलेले आहे.